झिम्बाब्वेची जुनी नोट कोणत्या डॉलरची, हे कसे ओळखाल?

१९८० ते २००९ या काळात झिम्बाब्वेने शून्ये कापत एकामागून एक चार डॉलर आणले. म्हणून रकमेकडे नंतर बघा, आधी तारीख. ‘बेअरर चेक’वर (नोटेसारखाच चालणारा छापील चेक) १ ऑगस्ट २००६ असेल तर तो दुसरा डॉलर, म्हणजे पहिल्यातली तीन शून्ये उडवलेला. ऑगस्ट २००८ मध्ये आणखी दहा गेली आणि तिसरा आला. फसगत इथेच होते: तिसऱ्याच्या लहान नोटांवर साल मात्र २००७ आहे!

१०० ट्रिलियनची (एकावर चौदा शून्ये) प्रसिद्ध नोटही तिसऱ्यातलीच. छापील साल २००८, चलनात जानेवारी २००९. फेब्रुवारीत बारा शून्ये कापल्यावर तिचे उरले चौथे १०० डॉलर. पहिल्या, म्हणजे १९८० च्या डॉलरांत मोजायची तर चौदात दहा आणि तीन मिळवा, सत्तावीस शून्ये होतात. २०१५ मध्ये बँकेत तिचे मिळाले ४० अमेरिकी सेंट. संग्राहक कितीतरी जास्त देतात, म्हणून नकलाही फिरतात. पुढे एकावर एक तोललेले खडक, मागे व्हिक्टोरिया धबधबा आणि रानम्हैस आहे ना, बघून घ्या.