अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड ग्रुपवर चालवायचं तर

अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड म्हणजे डिसेंबरातली प्रोग्रॅमिंगच्या कोड्यांची ऑनलाइन मालिका. आमच्या ग्रुपवर ती मी चालवते. नवं कोडं आपल्याकडे सकाळी साडेदहाला उघडतं, ऐन स्टँडअपच्या, म्हणजे ऑफिसातल्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या वेळी. त्यामुळे वेगाची शर्यत लावूच नका. खासगी लीडरबोर्ड, म्हणजे फक्त आपल्या ग्रुपचा गुणतक्ता काढा, त्यात सामील व्हायचा कोड सगळ्यांना द्या. गुण आणणारी स्क्रिप्ट लिहिलीत तर ती 15 मिनिटांतून एकदाच चालू द्या, उगाच सर्व्हरला पिडू नका.

गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) उत्तरं टाकणाऱ्यांना मात्र आधीच दम भरा. कोड्याचा मजकूर आणि आपलं इनपुट (कोड्यासोबत आपल्याला मिळालेला डेटा) जाहीर करायला मनाई आहे. इनपुटची फाइल पहिल्या कमिटआधीच, म्हणजे गिटमध्ये पहिली नोंद करण्याआधीच, गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाला. नंतर डिलीट केली तरी हिस्टरीत ती राहतेच. चर्चेच्या पहिल्या ओळीत फक्त ‘दिवस 7, भाग 2’, उत्तर त्याखाली झाकून. एआयकडून सोडवून मिळवलेले तारे (कोड्याच्या प्रत्येक भागाला एक मिळतो) आम्ही धरत नाही. कुरकुर होते, होऊ दे.