डग्ग्याचा घुमारा आवरताना

ठुमरीच्या ध्वनिमुद्रणात डग्ग्याचा घुमारा खाली उतरला, की आमच्या खोलीत तोच एक सूर इतका फुगायचा की गायिकेचे शब्द त्याखाली दबून जात, आणि त्यावर परिचितांचा सल्ला एकच असे: अ‍ॅम्प्लिफायर बदला. खर्च करण्यापूर्वी मी खोली मोजली. समोरासमोरच्या भिंतींतील अंतर ३ मीटर भरले. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर एवढ्या अंतरात ५७ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर स्थिर तरंग होऊन, म्हणजे दोन्ही भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून, जागच्या जागी घुमतो आणि भिंतीपाशी तो सर्वांत जोरात ऐकू येतो. स्पीकर व खुर्ची, दोन्ही भिंतींना टेकलेलीच होती. स्पीकर हातभर पुढे घेतले आणि मोबाइलवरून ३० ते १०० हर्ट्‌झचा सरकता सूर वाजवत खुर्चीही थोडी थोडी पुढे आणली; अगदी मध्यावर मात्र ठेवली नाही, कारण तिथे हाच सूर जवळजवळ नाहीसा होतो. पातळ गालिच्याचा अशा मंद्र सुरांवर परिणाम होत नाही, म्हणून कोपऱ्यांत रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून बनवलेल्या आवाज शोषणाऱ्या तंतूंचे, जाड थर कापडात शिवून उभे केले. डग्ग्यावर मनगट घासत नेल्याचा आवाज आता स्पष्ट उमटतो आणि शब्दही सुटे ऐकू येतात. अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याचे कारण मला उरलेले नाही.