कॉफीच्या यंत्राची निविदा आणि माझा प्रबंध

युरोपीय सार्वजनिक खरेदी कायद्यात, म्हणजे सरकारी संस्थांनी वस्तू, सेवा व कामे कशी विकत घ्यावीत याच्या कायद्यात, संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा युरोपीय संघाच्या २०१४/२४ या निर्देशाच्या पहिल्या कलमापासून वाचायला बसतात आणि आठवडाभरात कंटाळतात. मी त्यांना आधी एक निकाल वाचायला देतो. नेदरलँड्समधील उत्तर हॉलंड प्रांताने २००८ साली कॉफीच्या स्वयंचलित यंत्रांसाठी निविदा काढली आणि तीत ‘माक्स हाव्हेलार’ (रास्त व्यापाराचे) व ‘एको’ (सेंद्रिय शेतीचे) या प्रमाणचिन्हांचा उल्लेख केला. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेने, त्यावर दाद मागितली, तेव्हा १० मे २०१२ रोजी लक्झेंबर्गमधील युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटले की नुसते चिन्हाचे नाव लिहून भागणार नाही, त्यामागचे निकष निविदेतच मांडले पाहिजेत; मात्र कॉफी उत्पादकाला रास्त मोबदला मिळाला का, याला निविदांच्या गुणांकनात स्थान देता येते. पुढे २०१४च्या निर्देशातील कलम ४३ने काही अटींवर विशिष्ट चिन्ह मागण्याची मुभा दिली. कमी दराच्या निविदेलाच काम द्यायचे, या आपल्याकडच्या सवयीतून आलेल्याला हा निकाल बराच काळ पुरतो.

मी स्वतः माझ्या प्रबंधातील या निकालावरचे प्रकरण इंग्रजी मजकुरावर बेतले होते. मार्गदर्शकांनी पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीने विचारले, ‘डच पाहिलेत का?’ खटल्याची भाषा डच होती आणि तोच मजकूर अधिकृत. ते प्रकरण मला नव्याने लिहावे लागले. म्हणून संघाचा एक सदस्य देश निवडावा आणि त्याची भाषा निदान वाचता येण्याइतकी शिकावी, कारण निर्देश राष्ट्रीय कायद्यात उतरवावे लागतात आणि डावलल्या गेलेल्या निविदाकाराची तक्रार आधी त्या देशातील न्यायालयापुढे किंवा, जर्मनीसारख्या देशात, खरेदी लवादापुढे जाते.

रोज ‘टेड’ या, युरोपीय संघातील सरकारी निविदा प्रसिद्ध होणाऱ्या संकेतस्थळावरची एखादी निविदा सूचना वाचावी. ती सवय मला पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी पडली. भारताशी तुलना करायची असेल, तर येथे केंद्राचा स्वतंत्र खरेदी कायदा नसून २०१७चे सामान्य वित्तीय नियम (केंद्राच्या खर्चाचे व खरेदीचे नियम), परिपत्रके आणि उच्च न्यायालयांतील रिट याचिका चाळाव्या लागतात, याची तयारी ठेवावी.

नोकरीचे म्हणाल, तर केवळ या विषयाची पदे मोजकीच असतात. अध्यापन बहुधा युरोपीय संघाचा कायदा किंवा प्रशासकीय कायदा याचे करावे लागते. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये पीएच.डी.ची जागा सहसा पगारी असते, त्यामुळे शिष्यवृत्त्यांबरोबर विद्यापीठांच्या नोकरभरतीच्या जाहिरातीही पाहाव्यात.