मूल हवंय म्हणून तापमान मोजताय? थर्मामीटर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरी असो की शाहूपुरी, मेडिकलमध्ये नुसतं ‘थर्मामीटर द्या’ म्हटलं की हातात पडतो तो तापाचा. पहिली चूक इथंच होते. स्त्रीबीज कधी बाहेर पडतं हे कळावं म्हणून रोज तापमान मोजून तक्त्यात लिहायचं असतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळं अंगाचं तापमान वाढतं, पण जेमतेम ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं. तापाच्या थर्मामीटरमध्ये ०.१ अंशाचा फरक चालवून घेतात, त्यामुळं एवढीशी वाढ त्यात सहज हरवते. दशांशानंतर दोन आकडे, म्हणजे ३६.४७ असं दाखवणारा ‘बेसल थर्मामीटर’ मागा. नसेल तर दुकानदाराला मागवायला सांगा. तोवर घरचाच वापरायचा असेल तर फॅरनहाइटवर ठेवा, त्याचा एकेक टप्पा सेल्सिअसपेक्षा बारीक असतो. कपाळासमोर धरायची बंदूक या कामाची नाही.

महिन्याच्या मध्येच थर्मामीटर बदलू नका. दोन थर्मामीटरमधला फरक तक्त्यात तापमान वाढल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. करवीर, कागलकडच्या कितीतरी बायका पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून, चहा पिऊन मग तापमान बघतात. ते आकडे काही उपयोगाचे नाहीत. सलग किमान तीन तास झोप झालेली हवी आणि जाग आल्याआल्या, पाय खाली टाकायच्या आधी मोजायला हवं. थर्मामीटर उशाशीच ठेवा. टोक जिभेखाली अगदी मागं, तोंड मिटून, बीप वाजेपर्यंत. बहुतेक थर्मामीटर शेवटचा आकडा लक्षात ठेवतात, त्यामुळं लिहायचं काम धार काढून झाल्यावर केलं तरी चालतं. रात्रपाळी, जागरण, ताप, तापाची गोळी असं काही झालं तर त्या आकड्याशेजारी तशी नोंद करा. तो दिवस हिशेबात धरू नका.

एका दिवसाच्या वाढीवरून सुतावरून स्वर्ग गाठू नका. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे आकडे सलग तीन दिवस आले, तरच स्त्रीबीज बाहेर पडून गेलं असं धरतात. ‘पडून गेलं’ हे नीट लक्षात घ्या. तापमान वाढल्यावर प्रयत्न करणं म्हणजे उशीर झाला, कारण स्त्रीबीज फार तर एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून खरे दिवस त्याआधीचे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव दिसू लागला की ते दिवस आले समजा. दोन-तीन महिन्यांचे तक्ते शेजारी ठेवले की पुढच्या पाळीच्या चक्रात हे दिवस कधी येतील याचा अंदाज बांधता येतो, पण पाळी अनियमित असेल तर तोही कच्चाच.

वय पस्तिशीच्या आत असेल आणि वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा पस्तिशीनंतर सहा महिने झाले, तर तक्ता घेऊन डॉक्टरांकडं जा. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. आणि एकट्या सुनेला पाठवू नका. नवऱ्याची वीर्यतपासणी साधी असते, ती सुरुवातीलाच करून घ्या.