जर्मनीतली हाक्याची शिकार: परवान्यापासून शेवटच्या घासापर्यंत

जर्मनीत रानातले जनावर जिवंत असेपर्यंत कोणाच्याच मालकीचे नसते, पण ते मारण्याचा हक्क जमिनीला बांधलेला असतो. सलग 75 हेक्टर जमीन असली की मालकाचे स्वतःचे शिकारक्षेत्र होते. त्याहून लहान जमिनी एकत्र येऊन सामाईक क्षेत्र बनते, त्याला कायद्याने किमान 150 हेक्टर लागतात. या क्षेत्राला रेव्हिअर म्हणतात आणि ते बहुतेकदा शिकाऱ्यांना भाडेपट्ट्याने दिलेले असते. म्हणून पाहुण्याने आधी विचारायचे ते हेच: हे रेव्हिअर कोणाकडे आहे आणि त्याने मला बोलावले आहे का? इटलीत शिकाऱ्याला दुसऱ्याच्या कुंपण नसलेल्या जमिनीत शिरता येते. ती सवय घेऊन जर्मनीत आलात तर ती चोरटी शिकार ठरते, आणि तो फौजदारी गुन्हा आहे.

कागद तीन लागतात. पहिला शिकार परवाना, म्हणजे याग्डशाइन. परदेशी पाहुण्यासाठी सलग 14 दिवसांचा परवाना मिळतो. तो जिल्ह्याचे शिकार कार्यालय देते आणि त्यासाठी मायदेशातला परवाना दाखवावा लागतो. दुसरा उत्तरदायित्व विमा: माणसाच्या इजेसाठी किमान 5 लाख युरो, मालमत्तेच्या नुकसानीसाठी 50 हजार. विमा नसेल तर परवानाच मिळत नाही. तिसरा बंदुकीचा. युरोपीय संघातल्या रहिवाशाला युरोपीय शस्त्र पास आणि यजमानाचे लेखी आमंत्रण जवळ ठेवावे लागते. संघाबाहेरून येणाऱ्याने निघण्याआधीच परवानगी काढावी. घोळ बहुधा इथेच होतो. ऐन वेळी दुसरी रायफल उचलली जाते आणि तिची नोंद पासात नसते.

रायफल निवडताना दोन आकडे लक्षात ठेवा. रो हरणासाठी, म्हणजे युरोपातल्या लहान चणीच्या हरणासाठी, गोळीची ऊर्जा 100 मीटरवर किमान 1000 जूल हवी. लाल हरीण, रानडुक्कर आणि इतर खुरांच्या जनावरांसाठी व्यास किमान 6.5 मिलिमीटर आणि 100 मीटरवर 2000 जूल. काडतुसाच्या डब्यावर नळीच्या तोंडाची ऊर्जाही छापलेली असते, ती वाचून फसू नका. पॉइंट 243 विंचेस्टर काडतुसाची गोळी रो हरणाला चालते, पण तिचा व्यास सुमारे 6.2 मिलिमीटर असल्याने रानडुकरावर ती बेकायदा आहे. खुरांच्या जनावरावर छर्रे झाडायला सरसकट मनाई आहे. काही राज्यांत शिशाच्या गोळ्यांनाही बंदी आहे, तेव्हा यजमानाला आधीच विचारा.

हंगामाच्या तारखा राज्यागणिक बदलतात, म्हणून पाठ करण्यापेक्षा त्या त्या राज्याचा तक्ता पाहावा. एक नियम मात्र कुठेच सुटत नाही: पिल्ले स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत त्यांना वाढवणारी आई मारायची नाही. तो दंडावर भागणारा किरकोळ दोष नसून गुन्हा आहे. हाक्यात, म्हणजे रान उठवून जनावरे शिकाऱ्यांसमोर आणताना, दोघे एकदम समोर आले तर आधी पिल्लू, मग आई. मागून पिल्लू येत आहे का, हे दिसेपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर ठेवा.

सकाळी शिकारप्रमुख सगळ्यांना गोळा करून बोलतो. कोणते जनावर, कोणत्या वयाचे, नर की मादी, हे तोच ठरवतो. त्याने नाव न घेतलेले जनावर कितीही मोठे असले तरी जाऊ द्यायचे. जर्मन कळत नसेल तर तिथल्या तिथे शेजाऱ्याला विचारा. नारिंगी जाकीट आणि टोपीला नारिंगी पट्टा हवाच. ठिय्यावर, म्हणजे तुम्हाला नेमून दिलेल्या जागी, पोहोचल्यावर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना हात करा, ते कुठे आहेत ते पक्के करा, मगच बंदूक भरा. गोळी जनावराच्या पलीकडे मातीत शिरलीच पाहिजे. झुडपे, धुके किंवा झाडांची रांग म्हणजे आडोसा नव्हे, आणि गोठलेल्या किंवा खडकाळ जमिनीवरून गोळी उसळते. हाका संपेपर्यंत ठिय्या सोडायचा नाही, पडलेले जनावर पाहायलासुद्धा नाही. रान उठवणारी माणसे आणि कुत्री पुढ्यातच फिरत असतात.

खरी परीक्षा गोळी सुटल्यानंतर असते. ताबडतोब पुन्हा भरा. जनावर कुठे उभे होते, कसे दचकले आणि कोणत्या झाडापाशी दिसेनासे झाले, हे मनात कोरून ठेवा. हाका संपल्यावर त्या जागेशी जा, पण ती तुडवू नका. फांदी खोवून खूण करा. फेसाळ, लालभडक रक्त असेल तर गोळी लागली फुप्फुसाला. काळपट तपकिरी असेल तर यकृत. हिरवट पाण्यासारखे आणि आंबूस वासाचे असेल तर पोट. हाडाच्या किरच्या दिसल्या तर बहुधा पाय. फुप्फुसाला लागलेले जनावर सहसा जवळच पडलेले मिळते. पोटाला लागलेल्याच्या मागे मात्र लगेच जाऊ नये: ते थोड्या अंतरावर बसते, पण उठवले की मैलभर पळते आणि मग हाती लागत नाही. तीन-चार तास थांबून मागकरी कुत्रा आणावा. गोळी चुकली असे वाटले तरी तपास करायचा. जखमी जनावराचा माग काढणे कायद्याने बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये मोठ्या जनावराच्या शिकारीत असा कुत्रा दोन तासांत जागेवर पोहोचेल अशी सोय असावीच लागते. आमच्या मते हा नियम सगळ्या देशांनी उचलावा.

जनावर सापडले की फांदीचा मान. ओक, पाइन, स्प्रूस, फर किंवा आल्डर या पाच झाडांपैकी एकाची डहाळी मोडून घेतात. चाकूने कापत नाहीत. एक तुकडा जनावराच्या तोंडात देतात, तो त्याचा शेवटचा घास. दुसरा अंगावर ठेवतात: नर असेल तर मोडलेले टोक डोक्याकडे, मादी असेल तर शेंडा डोक्याकडे. तिसऱ्याला रक्त लावून तो टोपीवर किंवा चाकूच्या पात्यावर ठेवून शिकाऱ्याला देतात आणि म्हणतात, 'वाइडमान्सहाइल', ही शिकाऱ्यांची शुभेच्छा. त्यावर आभाराचे उत्तर 'वाइडमान्सडांक'. शिकारी तो टोपीच्या उजव्या बाजूला खोवतो. माग कुत्र्याने काढला असेल तर त्याच फांदीचा तुकडा मोडून कुत्रेवाल्याला द्यावा. हा वाटा विसरणारा पाहुणा लोकांच्या लक्षात राहतो.

संध्याकाळी सगळी शिकार ओळीने मांडतात. जनावर उजव्या कुशीवर, म्हणजे हृदय वर. आधी लाल हरणे, मग रानडुकरे, मग रो हरणे, मग कोल्हे, शेवटी ससे. दर दहावे जनावर अर्धे पुढे ओढतात, त्यामुळे मोजणी एका नजरेत होते. ओळ ओलांडून जायचे नाही, वळसा घालायचा. पोलंडमध्येही अशीच मांडणी असते, तिला पोकोत म्हणतात. तिथे शुभेच्छा 'दाझ बूर'.

मांडलेल्या शिकारीपाशी वाजणारे शिंगवाद्य थांबले की मांसाकडे वळा. आतडी लवकरात लवकर काढलेली असावीत, पोटाला लागलेल्या जनावराची तर आधी. रानडुकराच्या श्वासपटलाचा आणि पुढच्या पायाच्या स्नायूचा नमुना ट्रायकिनेला कृमीच्या तपासणीला जातो. तो निर्दोष आल्याशिवाय मांस कोणाला द्यायचे नाही आणि स्वतःही शिजवायचे नाही.