लिस्टेड कंपनीच्या फायनान्समध्ये जॉइन होताय? आधी घरातले डीमॅट मोजा

ऑफर लेटर हातात आलंय, नोटीस पिरियड संपत आलाय, तर त्यातली एखादी संध्याकाळ या कामासाठी ठेवा. कारण लिस्टेड कंपनीत फायनान्स, सेक्रेटरियल असल्या ठिकाणी बसलात की बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत 'तुम्ही डेझिग्नेटेड पर्सन आहात' (म्हणजे कंपनीची आतली बातमी कळू शकते अशा माणसांच्या यादीत आहात) असा मेल येतो, आणि मग सेबीचे 2015 चे इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे जाहीर न झालेल्या बातमीवर शेअरचा व्यवहार करण्याविरुद्धचे, नियम तुमच्याबरोबर निम्म्या घरालाही लागतात.

पहिलं म्हणजे पॅन गोळा करा. नवरा किंवा बायकोचा तर द्यावाच लागतो, शिवाय आईवडील, भावंडं, मुलं आणि सासरकडची हीच मंडळी, यातलं जे कोणी पैशासाठी तुमच्यावर अवलंबून आहे किंवा शेअर घेताना-विकताना तुम्हाला विचारतं त्यांचाही. मोबाइल नंबरही लागतात, आणि एकदाच का होईना कुठल्या कॉलेजातून पास झालात, आधी कुठे नोकरी केली हेही लिहून द्यावं लागतं. लोकांना ही चौकशी आगाऊपणाची वाटते पण टिपा जातात त्या याच ओळखींतून, त्यामुळे मला तरी यात काही गैर वाटत नाही.

मग घरातल्या सगळ्या डीमॅटमध्ये नव्या कंपनीचे शेअर आहेत का ते बघा. विशेषतः बाबांनी कधीतरी लावून ठेवलेली जीटीटी ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप लागणारी! ती ट्रेडिंग विंडो (तुम्हाला कंपनीच्या शेअरचा व्यवहार करायची मुभा असलेला काळ) बंद असताना लागली की 'मला माहीतच नव्हतं' हे पटवून देणं फार जड जातं, म्हणून आधीच रद्द करा.

कॅलेंडरमध्ये खुणा करून ठेवा. तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो बंद, ती उघडते रिझल्ट जाहीर झाल्यावर 48 तासांनी, आणि मार्चच्या रिझल्टला 60 दिवसांपर्यंत मुदत असते म्हणजे एप्रिल-मे जवळजवळ गेलाच समजा. मुलीच्या फीसाठी ईसॉपचे (कंपनीने कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात देऊ केलेले) शेअर मेमध्ये विकायचा विचार असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या, कारण बंद काळात ईसॉप एक्सरसाइज करता येतं, म्हणजे ते शेअर घेता येतात, पण आलेले शेअर विकता येत नाहीत. विंडो उघडी असली तरी कंपनीने ठरवलेल्या रकमेच्या वरच्या व्यवहाराला प्री-क्लिअरन्स, म्हणजे कंपनीची आगाऊ परवानगी, लागतो, तो मिळाला की जास्तीत जास्त सात ट्रेडिंग दिवसांत व्यवहार उरकायचा. आणि आज घेतले तर सहा महिने विकायचे नाहीत, उलटंही तसंच. मोडलात तर झालेला नफा सेबीच्या इन्व्हेस्टर फंडात जातो.

फक्त आपल्याच कंपनीचा शेअर टाळला की झालं असंही नाही हां. तुम्ही एखाद्या टेकओव्हरच्या कामावर असाल तर समोरच्या लिस्टेड कंपनीची बातमीही तुमच्याकडे विश्वासाने आलेली असते, तिचा शेअरही बंद. अशा वेळी तुमचं नाव, पॅन आणि वेळ कंपनीच्या डिजिटल डेटाबेसमध्ये चढते आणि ती नोंद किमान आठ वर्षं राहते.

आता तोंड. 'मी कुठे एक रुपया कमावला' हे बोलून सुटका नाही. रजत गुप्ता गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेच्या बोर्डावर होते, सप्टेंबर 2008 मध्ये वॉरन बफे 5 अब्ज डॉलर घालणार ही बोर्डाच्या मीटिंगमधली बातमी त्यांच्याकडून हेज फंड चालवणाऱ्या राज राजरत्नमला गेली, शेअर घेतले राजरत्नमने, आणि 2012 मध्ये गुप्तांना दोन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडेही नुसती बातमी पोचवणं हा वेगळा गुन्हाच आहे. दंड किमान 10 लाख, वर 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यातलं जे जास्त ते. म्हणून घरी एकदा स्पष्ट सांगून टाका की कंपनी कशी चाललीय हे जेवताना विचारायचं नाही, आणि मेव्हणा फारच मागे लागला तर सरळ विषय बदला.

लॅपटॉप मिळाला की ऑफिसची शीट पर्सनल जीमेलवर पाठवायची सवय सोडा, आणि पुढेमागे नोकरी सोडलीत तरी नंतरचे सहा महिने कंपनीशी संबंध असलेला माणूस म्हणून तुमच्याकडे बघतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी कंपनीच्या सगळ्या फायली परत करून त्याची पोच लेखी घ्या.