बोटीवरील रेडिओ-कॅसेट प्लेअर : या चुका टाळा

बोटीवरचा रेडिओ-कॅसेट प्लेअर खरखरू लागला किंवा एकाएकी मुका झाला की पहिला पेचकस त्याच्या झाकणाला लागतो, आणि चांगला सेट कायमचा बिघडण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. गोव्यातल्या मालीम, कुटबण, शापोरा इथल्या ट्रॉलरांवर आणि नदीत फिरणाऱ्या लहान बोटींवर जे जुने सेट अजून टिकून आहेत, ते मुळात मोटारगाडीसाठी बनवलेले आहेत. मोटारीत त्यांना लोखंडी सांगाडा मिळतो, तो अर्थिंगचे काम करतो आणि अँटेनालाही आधार देतो. लाकडी किंवा फायबरच्या बोटीत असा सांगाडा नसतो आणि वर बारा महिने खारी हवा असते. त्यामुळे बहुतेक बिघाड सेटच्या पोटात नसून त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरींत, सांध्यांत आणि अँटेनात असतात, आणि ते सगळे तपासून झाल्याखेरीज झाकणाला हात लावण्यात काही अर्थ नाही.

वीजजोडणी

सर्वांत महागात पडणारी चूक व्होल्टेजची आहे. मोठ्या ट्रॉलरांवर दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात आणि इंजिन चालू असताना हा आकडा २८ च्या आसपास जातो. त्यावर मोटारीचा १२ व्होल्टचा सेट थेट जोडला तर तो जळालाच म्हणून समजावे. हे माहीत असलेले काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. सेट चालतो खरा, पण ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, चार्जिंग मात्र दोघींना एकाच प्रवाहाने होते, आणि एक कायम अर्धपोटी तर दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होत राहिल्याने दोन्हींचे आयुष्य घटते. २४ व्होल्टचे १२ करून देणारा कन्व्हर्टर बसवणे हाच सरळ मार्ग आहे, आणि दोन नव्या बॅटऱ्यांच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ ठरतो.

सेटच्या मागे साधारणपणे विजेच्या तीन वायरी असतात : पिवळी, लाल आणि काळी. पिवळी कायम चालू राहून घड्याळ आणि साठवलेली स्टेशने जपते, लाल स्विचमधून येते आणि काळी ऋण टोकाकडे जाते. जुन्या सेटवरचे रंग मधल्या कुणा कारागिराने बदललेले असू शकतात, म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा मल्टिमीटर लावून खात्री करावी. पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तिचा फटका पावसाळ्यात बसतो. १ जून ते ३१ जुलै अशा ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत बोट उभी असते. सेट बंद दिसत असूनही १० मिलिअँपिअर ओढत राहिला तर तेवढ्या काळात सुमारे साडेचौदा अँपिअर-तास निघून जातात, आणि बॅटरी आपली आपण उतरते ती वेगळीच. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी इंजिन उठत नाही तेव्हा बोल मात्र बॅटरीवाल्याला लागतो.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत असला पाहिजे. सेटच्या पाठीवरचा फ्यूज सेटला वाचवतो, पण केबिनपर्यंत गेलेली लांबलचक वायर इंजिनाच्या धक्क्यांनी घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे मध्ये काहीच उरत नाही. उडालेल्या फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून वेळ मारून नेण्याची युक्ती डिझेल, दोर आणि नायलॉनची जाळी भरलेल्या बोटीवर कोणी करू नये, आणि कोणी केलेली दिसली तर गप्प बसू नये.

काळी वायर जवळ पडते म्हणून इंजिनाच्या एखाद्या बोल्टखाली दाबून टाकणे हीदेखील चूकच. ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाकडे किंवा ऋण पट्टीवर न्यावी. नाहीतर अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) शिट्टी गाण्यात मिसळते आणि गळका प्रवाह शाफ्ट व पंख्याच्या वाटेने पाण्यात जाऊन धातू खाऊ लागतो. स्पीकरच्या ऋण वायरी तर कुठेही अर्थला जोडू नयेत. अनेक सेटमध्ये स्पीकरची दोन्ही टोके अँप्लिफायरवरूनच निघतात आणि त्यांतले एक अर्थला टेकले की आतला आयसी (अँप्लिफायरची चिप) जळतो.

आवाज वाढवला की सेट बंद पडतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो, हे वायर किंवा सांधा खराब झाल्याचे हमखास लक्षण आहे. आवाज मोठा ठेवून एकदा बॅटरीवर आणि एकदा सेटच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मधला प्रत्येक सांधा उलगडावा. काळ्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाने पाघळलेला असतो, तिच्याखालचे तांबे काळपट पडलेले असते, आणि वायरीचे साल सोलत मागे जावे तर हिरवी भुकटी बोटभर आतपर्यंत सापडते, कारण खारे पाणी बारीक तारांमधल्या फटींतून वर चढत जाते. अशी वायर नुसती घासून पुन्हा पिळण्यात वेळ घालवू नये. चकचकीत तांबे लागेपर्यंत ती कापावी, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली वायर वापरावी, सांधा क्रिंप करावा, म्हणजे धातूच्या नळकांडीत घालून पक्कडीने दाबावा, आणि त्यावर आतून चिकट थर असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट-श्रिंक नळी बसवावी.

स्पीकर आणि होकायंत्र

एका चुकीचा गाण्यांशी काही संबंध नाही, पण धोका तिच्यातच सर्वांत जास्त आहे. स्पीकरमध्ये शक्तिशाली लोहचुंबक असतो, आणि केबिनमध्ये जागा अपुरी म्हणून तो नेमका सुकाणूसमोर, होकायंत्राच्या शेजारी बसवला जातो. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली असताना होकायंत्राचा आकडा पाहून ठेवावा आणि स्पीकर हातात धरून सावकाश जवळ आणावा. ज्या अंतरावर तबकडी जराशीही हलेल त्याच्या किमान दुप्पट लांब त्याची जागा ठरवावी. साधारण एक मीटर अंतर ठेवले तर बहुतेक वेळा भागते. नंतर सेट चालू-बंद करून पुन्हा आकडा पाहावा, कारण वायरीतल्या प्रवाहानेही तबकडी सरकते. धन आणि ऋण वायरी एकमेकींभोवती पिळून नेल्या की हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. जीपीएस असताना होकायंत्र हवे कशाला, हा युक्तिवाद जीपीएस बंद पडेपर्यंतच टिकतो.

दुसरे असे की हा सेट फक्त ऐकण्याचा आहे. संकटाचा पुकारा करायचा तो व्हीएचएफवर (बोटीवरच्या बोलण्याच्या बिनतारी संचावर), १६ क्रमांकाच्या चॅनेलवर, आणि त्या चॅनेलवरचा आवाज ऐकू येणार नाही इतक्या मोठ्याने गाणी लावू नयेत.

स्टेशन लागत नाही, म्हणजे काय?

पणजी आकाशवाणीचे एफएम १०५.४ मेगाहर्ट्झवर आणि मध्यमलहरी १२८७ किलोहर्ट्झवर आहेत. तारवट्यांनी (परदेशी जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांनी) परदेशातून आणलेल्या सेटवर ही स्टेशने लागत नाहीत तेव्हा सेट बिघडला असे धरून तो उघडला जातो, पण कारण पुष्कळदा निराळेच असते. अमेरिकेसाठी बनवलेला सेट मध्यमलहरींवर १० किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी सरकतो, म्हणजे १२८० वरून थेट १२९० वर उडी घेतो. आपल्याकडचे टप्पे ९ किलोहर्ट्झचे आहेत. एफएमवरही तो १०५.३ नंतर १०५.५ दाखवतो. काही सेटच्या पाठीला किंवा बुडाला हे टप्पे बदलणारा बारीक स्विच असतो, तो आधी शोधावा. जपानी बाजारासाठीच्या जुन्या सेटचे एफएम मात्र ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असते आणि त्यावर १०५.४ लागणे शक्यच नाही; असा सेट कॅसेट ऐकण्यापुरता ठेवावा.

किनाऱ्यापासून लांब गेल्यावर एफएम विरत जाणे हा बिघाड नव्हे. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच पोहोचतात, तर मध्यमलहरी खाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागावरून पुष्कळ दूर जातात, म्हणून खोल समुद्रात बातम्या आणि हवामानाचे इशारे ऐकायचे असतील तर एफएम सोडून मध्यमलहरींवर यावे. फायबरच्या बोटीवर मोटारीची अँटेना तशीच बसवली तर तिच्याखाली पत्रा नसल्याने ती अर्धेच काम करते. तिथे सांगाड्याची गरज नसलेली डायपोल अँटेना घ्यावी. व्हीएचएफच्या अँटेनावरून नुसती फांदी काढून रेडिओला देणे तर टाळलेच पाहिजे, कारण व्हीएचएफवर बोलायला बटण दाबताच ती सगळी शक्ती रेडिओच्या नाजूक टोकावर आदळते.

खरखर कुठून येते हे ओळखणे अवघड नाही. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी रेडिओ आणि कॅसेट दोन्हींवर येत असेल तर ती विजेच्या वायरीतून किंवा अर्थिंगमधून येते. फक्त रेडिओवर येत असेल तर अँटेनाच्या वाटेने. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, पेट्रोलच्या आउटबोर्डला असते, त्यामुळे टकटक ऐकू आली तर स्पार्क प्लगकडे पाहावे. एकसारखी खरखर असेल तर एलईडी दिवे, चार्जर आणि मासे शोधणारे यंत्र एकेक करून बंद करत जावे.

कॅसेटची बाजू

तियात्र (गोव्याची कोकणी संगीत नाटके), नाट्यपदे आणि भजने यांच्या घराघरांत जपलेल्या कॅसेटी या सेटमुळेच अजून ऐकल्या जातात, आणि त्यांचे नुकसान सेटपेक्षा वाईट, कारण त्या पुन्हा मिळत नाहीत. सेटने फीत खाल्ली की ती ओढून काढण्याचा मोह होतो. त्याऐवजी वीज बंद करून फीत कुठे गुंतली आहे ते पाहावे. बहुधा ती कॅपस्टन या बारीक पोलादी दांड्याभोवती गुंडाळलेली असते आणि दांडा उलटा फिरवला की न तुटता सुटते. मूळ कारण त्या दांड्यावर आणि त्याला चिकटून फिरणाऱ्या रबरी चाकावर दिसते. टॉर्चच्या उजेडात चाकावर तपकिरी पट्टा आणि दांड्यावर खडबडीत पांढुरका थर दिसतो. पट्टा फितीवरून सुटलेल्या भुकटीचा आणि थर मिठाचा. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड (फितीवरचा आवाज टिपणारा भाग) आणि दांडा पुसावा. रबराला अल्कोहोल वारंवार लावल्यास ते कडक होते, म्हणून चाकासाठी साबणाचे सौम्य पाणी वापरून ते पूर्ण सुकू द्यावे. गंज सोडवण्याचा फवारा आत मारणे म्हणजे बेल्ट आणि चाक दोन्ही घसरते करून ठेवणे.

कॅसेट आत ठेवूनच मुख्य स्विच बंद करण्याची सवय फार जणांना असते. अनेक सेटमध्ये त्यानंतरही रबरी चाक दांड्यावर दाबलेलेच राहते, त्यावर खाच पडते आणि पुढे गाणे डगमगू लागते. आधी कॅसेट बाहेर काढावी, मग वीज तोडावी. सी-१२० (१२० मिनिटांच्या) कॅसेटची फीत सी-६० च्या निम्म्या जाडीची असते आणि तापलेल्या केबिनमध्ये ती सहज ताणली जाते, म्हणून बोटीवर सी-६० किंवा फार तर सी-९० च न्याव्यात, आणि त्याही मूळ प्रतीवरून भरलेल्या. स्पीकरवर कॅसेटी रचून ठेवू नयेत. होकायंत्राला फसवणारा चुंबक फितीवरचा आवाजही पुसतो.

पावसाळ्यात कॅसेटी बोटीवर ठेवूच नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह त्या घरी न्याव्यात. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवून पाहू नये, कारण बुरशी हेडवर येते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सेट समुद्राच्या पाण्यात भिजला तर

लाट केबिनमध्ये येऊन सेट भिजला, तर चालू होतो का हे पाहणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. पाण्यापेक्षा त्यात वाहणारी वीज तांब्याच्या रेषा वेगाने खाते. फ्यूज काढावा, सेट सोडवावा आणि, ऐकायला विचित्र वाटले तरी, तो मीठ सुकण्याआधी गोड्या पाण्याने धुवावा. शेवटचे पाणी बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड घ्यावे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्याने मीठ जात नाही, उलट पिठूळ धूळ यंत्रात शिरते. कडक उन्हात प्लॅस्टिक वाकते, म्हणून झाकण उघडे ठेवून पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकवावा. मग बेल्ट आणि दांडा हाताने मोकळे फिरतात का ते पाहून, कमी क्षमतेचा फ्यूज घालून, आधी रेडिओ आणि तो नीट चालला तरच कॅसेट लावावी, तीही टाकाऊ.